गोव्याहून दिल्ली: आधी वार, मग भाग, तिकीट सगळ्यांत शेवटी

गोव्यातली बहुतेक कुटुंबे दिल्लीचा बेत उलटीकडून आखतात. कुठेतरी स्वस्त विमान दिसते आणि तिकीट काढले जाते. मग ओळखीच्या कुणीतरी सांगितलेले हॉटेल ठरते. काय काय बघायचे याची यादी निघायच्या आठवड्यात, जेवताना, सगळे एकदम बोलत असताना तयार होते. तिथे पोचल्यावर कळते की लाल किल्ल्याचा दिवस सोमवारी आला आहे, हॉटेल एका टोकाला आहे आणि आग्र्यासाठी राखलेला दिवस नेमका शुक्रवार आहे. अशा वेळी तिकीटही बदलता येत नाही.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिले चार टप्पे घरी बसून, वही-पेन घेऊन उरकायचे आहेत. पैसे खर्च होतात ते पाचव्या टप्प्यापासून.

टप्पा 1: महिना ठरवा

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि दिल्लीची हवा यांचे अजिबात जमत नाही. मे महिन्यात पारा सहज 42-44 अंशांवर जातो. आपल्याकडच्या घामाच्या उकाड्याची सवय तिथे कामाला येत नाही, कारण तिथे लू, म्हणजे कोरडा गरम वारा असतो आणि किल्ल्यांच्या आवारात सावली फारशी नसते. दिवाळीच्या सुट्टीत थंडी छान असते, पण ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हाच प्रदूषणाचा सगळ्यात वाईट काळ. दम्याचे कुणी घरात असेल तर त्या वेळी नेऊच नका. नाताळच्या सुट्टीत धुके असते, आणि डिसेंबरअखेर ते जानेवारी गाड्या-विमाने तासन्‌तास रखडतात.

सगळ्यात चांगला काळ फेब्रुवारी ते मार्चचा मध्य. शाळकरी मुले नसलेल्यांनी, निवृत्तांनी, नवीन लग्न झालेल्यांनी दुसरा विचार करू नये. शाळेची मुले असतील तर माझे मत नाताळच्या बाजूने आहे: सुट्टी लागली की त्याच दिवशी निघायचे. यात एक खाच आहे, ती गोवेकराने तरी विसरू नये. वर्षअखेरीला सगळा देश आपल्याकडे येत असतो. त्यामुळे गोव्याहून दिल्लीला जाणारे विमान परवडते, आणि 26 डिसेंबरनंतरचे परतीचे तिकीट डोळे पांढरे करते. दोन्ही बाजूंचे भाडे एकत्र बघितल्याशिवाय ‘स्वस्त मिळाले’ म्हणू नका.

आणखी दोन तारखा टाळायच्या. 15 ऑगस्टच्या आधी लाल किल्ला तयारीसाठी काही दिवस बंद ठेवतात. 26 जानेवारीच्या आधी संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्यपथ आणि इंडिया गेटचा परिसर अडवलेला असतो. संचलन बघायला जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. बाकीच्यांनी फेब्रुवारी उजाडू द्यावा.

टप्पा 2: वहीत वार मांडा

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि सगळे त्यामुळेच बिघडते. वहीच्या पानावर सोमवार ते रविवार असे सात रकाने आखा. ठिकाणांची नावे अजून लिहू नका, आधी बंद काय ते लिहा.

सोमवारच्या खाली: लाल किल्ला, अक्षरधाम, लोटस टेंपल, राष्ट्रीय संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, रेल्वे संग्रहालय. हे सगळे सोमवारी बंद असते. सरोजिनी नगर, लाजपत नगर, करोल बाग हे बाजारही सोमवारी सुट्टीवर असतात.

शुक्रवारच्या खाली: ताजमहाल बंद, प्राणिसंग्रहालय बंद. जामा मशिदीत शुक्रवारी दुपारी मोठी नमाज असते, त्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत.

रविवारच्या खाली: चांदणी चौकातली बहुतेक दुकाने बंद, कॅनॉट प्लेस आणि खान मार्केटही बरेचसे बंद. उलट लाल किल्ल्यावर रविवारी सगळी दिल्ली लोटते.

आता पान नीट बघा. सोमवारी उघडे काय? कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर. ही दोन्ही स्थळे आठवड्याचे सगळे दिवस उघडी असतात. म्हणजे तुमचा सोमवार आपोआप ठरला.

> तपासा: तुमच्या सहलीत सोमवार येतो का? येत असेल तर त्या रकान्यात कुतुब आणि हुमायून आत्ताच लिहून टाका. ही दोन ठिकाणे दुसऱ्या दिवशी ‘उरकून’ घेतलीत तर सोमवार रिकामा जाईल.

टप्पा 3: शहराचे चार तुकडे करा

दिल्लीचे क्षेत्रफळ 1,483 चौरस किलोमीटर, गोव्याचे 3,702. आकडा बघून वाटते की निम्म्याहून लहान, फिरून होईल. पण आपल्याकडे पणजीहून मडगावला जायला लागतो तेवढा वेळ तिथे संध्याकाळी एका चौकापासून दुसऱ्या भागात जायला लागू शकतो. सकाळी लाल किल्ला, दुपारी कुतुब, संध्याकाळी अक्षरधाम असा बेत कागदावर सुरेख दिसतो. प्रत्यक्षात त्यातले तिसरे ठिकाण बाहेरून बघावे लागते.

एका दिवसाला एकच भाग:

उत्तर भाग म्हणजे लाल किल्ला, जामा मशीद, चांदणी चौक आणि परत येताना राजघाट. मध्य भाग म्हणजे राष्ट्रपती भवन, कर्तव्यपथ, इंडिया गेट, राष्ट्रीय युद्धस्मारक, राष्ट्रीय संग्रहालय, जंतरमंतर, बंगला साहिब गुरुद्वारा. दक्षिण भागात कुतुबमिनार, आणि वाटेवर हुमायूनची कबर, सुंदर नर्सरी, लोधी गार्डन. पूर्वेला यमुनेपलीकडे अक्षरधाम, त्याला अर्धा दिवस वेगळा द्यावा लागतो.

मध्य भाग दिसतो तितका जवळजवळ नाही. राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटपर्यंतचा रस्ता सरळ असल्यामुळे ‘हे काय, समोर तर आहे’ असे वाटते आणि मंडळी चालू लागतात. ते अंतर दोन किलोमीटरांहून जास्त आहे. आजी-आजोबा बरोबर असतील तर मधला टप्पा रिक्षाने करा.

चांदणी चौकाचे उलटे. लाल जैन मंदिरापासून फतेहपुरीपर्यंतच्या मुख्य रस्त्यावर सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंदी आहे. टॅक्सीवाला ‘आत सोडतो’ म्हणाला तरी तो कडेलाच सोडणार. पायी किंवा सायकलरिक्षाने फिरायची तयारी ठेवा.

> सावधान: कुतुबमिनार नावाचे मेट्रो स्थानक कुतुबमिनाराच्या दारात नाही. उतरल्यावर दीड-दोन किलोमीटर रिक्षा करावी लागते. लाल किल्ला आणि जामा मशीद या स्थानकांचे तसे नाही, ती खरोखरच जवळ आहेत.

टप्पा 4: मुक्काम मेट्रोचा नकाशा बघून निवडा

पहिली चूक येथे होते ती ‘नवी दिल्ली स्टेशनजवळ’ हॉटेल घेण्याची. गोव्याहून जाणाऱ्या मुख्य गाड्या, म्हणजे वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस, कोकण रेल्वेने येणारी मंगला, त्रिवेंद्रमहून येणारी राजधानी, या सगळ्या हजरत निजामुद्दीनला जातात. नवी दिल्ली हे वेगळे स्थानक आहे. रेल्वेने जाणाऱ्याला नवी दिल्ली स्थानकाजवळच्या पहाडगंजच्या गल्लीत राहण्याचे काही कारणच नाही.

माझी निवड लाजपत नगर किंवा त्याच्या आसपासचा जंगपुरा, कैलाश कॉलनी हा पट्टा. कारण साधे आहे: लाजपत नगर व्हायोलेट आणि पिंक या दोन मार्गांवर आहे. व्हायोलेट मार्गाने खान मार्केट, केंद्रीय सचिवालय, जनपथ, मग थेट जामा मशीद आणि लाल किल्ला, कुठेही गाडी बदलावी लागत नाही. उलट्या दिशेला कालकाजी मंदिर, म्हणजे लोटस टेंपल. पिंक मार्गाने निजामुद्दीनचे सराय काले खाँ स्थानक तीन थांब्यांवर. कुतुबसाठी पिंकने दिल्ली हाट-आयएनए, तिथून यलो. अक्षरधामसाठी पिंकने मयूर विहार-1, तिथून ब्लूने एक स्थानक. हॉटेल पाहताना ‘विमानतळापासून किती मिनिटे’ हे न विचारता ‘मेट्रोच्या फाटकापासून चालत किती मिनिटे’ हे विचारा. दहाच्या वर असेल तर पुढचे बघा.

गोवा सरकारची दोन विश्रामगृहे दिल्लीत आहेत: अमृता शेरगिल मार्गावरचे गोवा सदन आणि चाणक्यपुरीतले गोवा निवास. तिथे सरकारी कामाने येणाऱ्यांना प्राधान्य असते. त्यामुळे खोली मिळेल या भरवशावर दुसरे काही न ठरवता निघू नका. लेखी होकार हातात आला तरच तो मुक्काम धरा.

घरातल्या कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल (आपल्याकडे हे अपवादाचे राहिलेले नाही), तर हॉटेल ठरवताना तसे आधीच सांगा. परदेशी पासपोर्टधारकाची नोंद हॉटेलला सरकारकडे करावी लागते आणि लहान हॉटेले ऐन वेळी नकार देतात. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) असेल तर पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर भारतीयांच्याच दराने प्रवेश मिळतो. पण कार्ड मूळ लागते. मोबाइलमधला फोटो दाखवून खिडकीवर वाद घालण्यात अर्धा तास जातो आणि शेवटी परदेशी दर भरावा लागतो, तो कित्येक पट असतो.

टप्पा 5: आता तिकीट

रेल्वेचे आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे 120 नाही. सकाळी 8 वाजता. पण हे 60 दिवस मोजतात ते गाडी मूळ स्थानकाहून सुटते त्या तारखेपासून. त्रिवेंद्रमहून आदल्या दिवशी निघालेली राजधानी मडगावला दुसऱ्या दिवशी येते, म्हणजे मडगावच्या तारखेने मोजणारा माणूस एक दिवस उशिरा जागा होतो. सुट्टीच्या हंगामात तो एक दिवस प्रतीक्षायादीत बसवायला पुरेसा असतो. तत्काळलाही हाच हिशेब लागू: मूळ स्थानकाच्या तारखेच्या एक दिवस आधी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी 10, बाकीच्यांसाठी 11. ऑनलाइन तत्काळसाठी 2025 पासून खाते आधारशी जोडलेले लागते. ते काम त्या दिवशी सकाळी करायला बसू नका.

मध्यरात्रीनंतर मडगावला येणाऱ्या गाडीची तारीख दोनदा वाचा. 14 तारखेची रात्र म्हणून 14 चे तिकीट काढणारे आणि 14 च्या रात्री 11 वाजता सामान घेऊन स्थानकावर उभे राहणारे पुष्कळ असतात. त्यांची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते.

ज्येष्ठांची भाडेसवलत 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे: पुरुष 60 आणि महिला 45 वर्षांपासून. हा कोटा एका तिकिटावर एकटा किंवा दोघेच ज्येष्ठ असतील तेव्हाच लागू होतो. सहा जणांच्या तिकिटात आजी-आजोबांची नावे घातलीत तर त्यांच्या नशिबी वरचा बर्थ येऊ शकतो. त्यांचे तिकीट वेगळे काढा.

गाडी कोणत्या मार्गाने जाते तेही बघा. गोवा एक्सप्रेस लोंढा-बेळगाव-मिरज-पुणे अशी जाते, तर मंगला कोकण रेल्वेने. दोघी पुढे भोपाळ-झाशी-ग्वाल्हेर करून आग्रा कँटवरून निजामुद्दीनला पोचतात. राजधानी कोट्यावरून जाते, तिला आग्रा लागत नाही. ज्यांना ताजमहाल बघायचा आहे त्यांनी दिल्लीला पोचून पुन्हा दोनशे किलोमीटर मागे येण्यापेक्षा जाताना किंवा येताना आग्र्यालाच उतरावे. एक पूर्ण दिवस वाचतो. तो शुक्रवार नाही ना, एवढे वहीतल्या पानावर बघा. दिल्लीहून जाऊन-येऊनच करायचे असेल तर निजामुद्दीनहून सकाळची गतिमान एक्सप्रेस आहे, तीही शुक्रवारी नसते. ताजमध्ये मुख्य कबरीपर्यंत जायला प्रवेशाखेरीज 200 रुपयांचे वेगळे तिकीट लागते. बाहेरच्या तिकिटावर आत जाता येईल असे समजून मंडळी चौथऱ्याखाली अडतात.

विमानाने जाणाऱ्यांसाठी एकच गोष्ट, पण ती तीनदा तपासा: गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळीचे चिन्ह जीओआय, मोपाचे जीओएक्स. मोपा पेडणे तालुक्यात आहे. काणकोणच्या माणसाने भाड्यात पाचशे रुपये वाचवून मोपाचे तिकीट काढले तर टॅक्सीत त्याच्या कित्येक पट जातात. जाताना दाबोळी आणि येताना मोपा असेही होते, आणि गाडी दाबोळीच्या पार्किंगमध्ये राहते.

> तपासा: पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते. जून ते ऑक्टोबरमधल्या प्रवासासाठी जुन्या तिकिटावरची वेळ धरू नका.

टप्पा 6: आधी घ्यायच्या परवानग्या

राष्ट्रपती भवन आतून बघायचे तर ऑनलाइन वेळ ठरवून घ्यावी लागते, प्रत्येकाचे ओळखपत्र नोंदवावे लागते आणि तेच मूळ ओळखपत्र घेऊन जावे लागते. तिकीट निश्चित झाले की पहिले काम हे. मध्य भागाचा सगळा दिवस या वेळेभोवती बसवा. संसदेचे अधिवेशन चालू असेल आणि गॅलरीतून बघायची इच्छा असेल तर खासदाराच्या शिफारशीने पास मिळतो. आपले लोकसभेचे मतदारसंघ दोनच, उत्तर आणि दक्षिण. मोठ्या राज्यांच्या तुलनेत आपल्याला कार्यालय गाठणे सोपे आहे, विचारायला संकोच करू नका.

पुरातत्त्व खात्याच्या स्थळांची तिकिटे ऑनलाइन काढा. 15 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे. रांगेत उभे राहून मुलांचीही तिकिटे मागू नका.

टप्पा 7: मोबाइल आणि सामान, घरीच

गोव्यात आपल्याला मोठ्या कंपन्यांच्या ॲपवरून टॅक्सी मागवायची सवय नाही, त्यामुळे अनेकांच्या फोनमध्ये ती ॲप नसतात. निजामुद्दीनच्या फलाटावर, नेट रेंगाळत असताना, ओटीपीची वाट बघत ती उतरवू नका. घरीच घ्या, पैसे भरायची सोय जोडून ठेवा. मेट्रोचे ॲपही तेव्हाच घ्या.

मेट्रोचे स्मार्ट कार्ड प्रत्येकाला वेगळे लागते. एका कार्डावर चौघांना आत सोडता येत नाही. 90 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला तिकीट लागत नाही. पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो. आपल्याकडचे बाबा, काका तिथे चुकून शिरतात आणि दंड भरतात. कुटुंबाने एकत्रच राहायचे तर मधला डबा धरा आणि कुणी मागे राहिले तर पुढच्या स्थानकावर उतरून थांबायचे, हे आधीच सगळ्यांना सांगा. रविवारी काही मार्ग उशिरा सुरू होतात. पहाटेचे विमान असेल तर मेट्रोवर विसंबू नका.

कपड्यांबद्दल: डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान एक आकडी असते. आपल्या कपाटात असतो तो एकुलता एक स्वेटर पुरत नाही. थर्मल, कानटोपी, मोजे घ्या. दिल्लीत घेऊ म्हणत असाल तर लक्षात ठेवा की पहिली थंडी बाजारात पोचण्याआधी, पहाटे फलाटावरच लागते.

अक्षरधामच्या दिवशी मोबाइल, कॅमेरा, पिशव्या काहीही आत नेता येत नाही. सगळे ठेवघरात द्यावे लागते. म्हणून त्या दिवशी कमीत कमी घेऊन निघा आणि आत गेल्यावर कुठे, किती वाजता भेटायचे ते बाहेरच ठरवा, कारण फोन नसतो. बंगला साहिबला डोके झाकायला रुमाल लागतो, चपला बाहेर.

टप्पा 8: उतरल्यावर पहिला तास

निजामुद्दीन स्थानकाला दोन बाजू आहेत. मेट्रोने जायचे तर सराय काले खाँच्या बाजूला बाहेर पडा. दुसऱ्या बाजूला पडलात तर सामानासह पूल पुन्हा चढावा लागतो. रिक्षा हवी तर प्रीपेड खिडकीवरून घ्या.

विमानाने आलात तर टर्मिनल कोणते ते तिकिटावर बघा. टर्मिनल 3 वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो सुमारे वीस मिनिटांत नवी दिल्लीला नेते. टर्मिनल 1 त्यापासून दूर आहे आणि तिथे मजेंटा मार्ग आहे. परतीच्या दिवशी चुकीच्या टर्मिनलवर जाणारे लोक रोज सापडतील.

> सावधान: स्थानकाबाहेर कुणी सांगितले की तुमचे हॉटेल बंद झाले आहे, रस्ता अडवला आहे, किंवा तिकिटावर ‘टुरिस्ट ऑफिस’चा शिक्का लागतो, तर थांबू नका आणि उत्तरही देऊ नका. हिंदी कच्ची असलेला माणूस अशा वेळी सभ्यपणे बोलत राहतो आणि तेच महागात पडते. हॉटेलला स्वतः फोन करा.

टप्पा 9: दिवसाचा क्रम

बाहेरची, पायी फिरायची ठिकाणे सकाळी, संग्रहालये दुपारी, बाजार संध्याकाळी. लाल किल्ल्यावर लाहोरी दरवाजाशी उघडायच्या वेळेला हजर राहा. झडतीची रांग अकरानंतर झपाट्याने वाढते. किल्ला आधी, जामा मशीद नंतर, चांदणी चौक शेवटी. उलटे केले तर खरेदीच्या पिशव्या घेऊन झडतीला उभे राहावे लागते. चांदणी चौकात पराठे, जिलेबी खायची असतील तर त्या दिवशी हॉटेलात पोटभर नाश्ता करू नका. आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘नुस्ते पाहिजे’ म्हणणारच. चित्तरंजन पार्क ही बंगाल्यांची वसाहत, तिथे मासे चांगले मिळतात. सरसोंच्या तेलाचा वास चालणार असेल तरच जा.

रविवारी पोचणाऱ्या कुटुंबाचा वहीतला आठवडा मग असा दिसेल: सोमवारी दक्षिण (लोटस टेंपल मात्र बंद), मंगळवारी उत्तर, बुधवारी मध्य, गुरुवारी सकाळी खरेदी आणि दुपारी अक्षरधाम, शुक्रवारी परत. आग्रा हवे असेल तर ते जाताना रविवारीच, वाटेत.

टप्पा 10: परतीचा दिवस

धुक्याच्या महिन्यांत परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिस, परीक्षा किंवा देवळातले कार्य ठेवू नका. एक दिवस मोकळा सोडा. हॉटेल सोडण्याआधी गाडी कुठे पोचली आहे किंवा विमान वेळेवर आहे का ते बघा. बाजारातली शेवटची खरेदी परतीच्या दिवशी ठेवणे ही हमखास चूक आहे, कारण संध्याकाळच्या वाहतुकीत लाजपत नगरहून टर्मिनल 3 ला किती वेळ लागेल हे तिथला रिक्षावालाही छातीठोकपणे सांगत नाही.

मोपाला उतरणार असाल तर कदंबच्या बसगाड्या आहेत, पण रात्री उशिराच्या आणि धुक्याने आणखी उशिरा झालेल्या विमानाला त्या मिळतील असे धरू नका. गावातल्या टॅक्सीवाल्याला दिल्लीहून निघतानाच फोन करून ठेवा, आणि विमान सुटले की दुसरा.